टोबी पिंचबेकची बाटली

वेंडी ऑडलिंग लढाऊ विमानांतल्या सुटकेच्या खुर्च्या तयार करायची; तिच्या शेडमध्ये खिडकीच्या वर एक फळी होती, आणि फळीवर व्हिस्कीच्या रिकाम्या बाटल्या. विमान हातचं गेलं, वैमानिक खुर्चीसकट बाहेर फेकला गेला आणि वाचला, की तो बायकोला घेऊन या शेडमध्ये यायचा. ज्यानं खुर्ची तयार केली त्याच्या हातात बाटली ठेवायचा. लिंकनशायरच्या त्या हवाई तळावर हा रिवाज आजवर कुणी मोडला नव्हता.

हवाई कसरती करणाऱ्या पथकातला वैमानिक टोबी पिंचबेक तिला मुद्दाम चिडवायचा. "माझ्याकडून तुला थेंब मिळायचा नाही, वेंडी. मी पक्का कंजूष."

"नकोच मिळायला," असं म्हणून ती त्याचे पट्टे आवळायची. डावा तेवढा जरा सैल. रग्बीत मोडलेला खांदा त्याला अजून सलायचा.

ऑगस्टमध्ये समुद्रकाठच्या विमानांच्या प्रदर्शनालाही तिनंच त्याला बांधलं. खुर्चीची सुरक्षा-पिन काढून त्याच्या डोळ्यांसमोर धरली. त्यानं अंगठा दाखवला. मग ती धक्क्यावर, तिच्या शेडचा प्रमुख सार्जंट मम्बी याच्याशेजारी जाऊन उभी राहिली. लोक चिप्स खात होते, पोरं बापांच्या खांद्यावर बसली होती.

टोबीचं विमान उलटं होऊन आलं आणि सरळ झालंच नाही. नाक खाली गेलं.

पुढचा क्रम वेंडीला झोपेतसुद्धा सांगता आला असता. गुडघ्यांमधलं हँडल ओढायचं. डोक्यावरची काच उडते. काडतूस खुर्चीला वर ढकलतं, मग खालचं रॉकेट पेटतं. आधी छोटी हवाई छत्री, मग मोठी. सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. आणि तिनं ते याच क्रमानं पाहिलं. खुर्ची उडाली, पाण्यावर नारिंगी-पांढरी छत्री उघडली, खाली लोंबणारा माणूस अलगद समुद्रात उतरला. विमान गावामागच्या सातूच्या शेतात जाऊन आदळलं.

वेंडी रडत रडत हसत होती. मम्बीनं तिच्या पाठीवर थाप मारली. "मोठी बाटली माग. कंजूष माणूस लहान आणायचा."

बचावनौका अंधार पडेपर्यंत फिरली. माणूस नाही, छत्री नाही. मग शेतातून निरोप आला. टोबी विमानातच होता. विमानाचा पुढचा भाग तुटून, न जळता, बाजूला पडला होता. आत तो तसाच, पट्टे बांधलेला. हँडल ओढलेलं होतं. खुर्ची जागची हललीसुद्धा नव्हती.

ते काडतूस वेंडीनं बसवलं होतं. तिचा हात चुकला असेल, तर टोबीला तिनंच मारलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खुर्ची शेडमधल्या टेबलावर होती.

"चौकशीवाले जेवणानंतर येतील," मम्बी म्हणाला. "काही सांगायचं असेल तर आत्ताच सांग, पोरी."

"मी खुर्ची बाहेर पडताना पाहिली. तुम्हीपण पाहिलीत, सार्जंट."

मम्बीनं खिडकीकडे तोंड फिरवलं. "पाहिली. पण मी तसं लिहून देणार नाही."

वेंडी टेबलाशी गेली. तिनं खुर्चीतली छत्रीची पिशवी पुढे ओढली. तोंडावरची शिवण तिच्याच हातची, लाल दोऱ्याची, एकही टाका उसवलेला नाही. पण पिशवी हाताला जड, ओली लागली. शेतात पाऊस नव्हता, जवळ ओढाही नव्हता. तिनं दोरा कापला.

कापड ओलंचिंब होतं. समुद्राचा वास आला. घडी उलगडली तशी बारीक वाळू टेबलावर सांडली.

मम्बीनं वाळूला बोट लावलं, ते पँटला पुसलं, आणि मग पुन्हा पुसलं.

तेवढ्यात दार वाजलं. टोबीची बायको इमोजन आत आली. केस नीट विंचरलेले, हातात कागदात गुंडाळलेली बाटली.

"ही तुझी, वेंडी. लहानच आहे. त्याला ओळखतेसच तू."

वेंडीनं स्टूल पुढे सरकवलं. "इमोजन, बस जरा."

"नको गं, तो गाडीत थांबलाय. त्यानं स्वतः यायला हवं होतं, कळतं मला. पण त्याला लाज वाटते. रात्रीपासून कपडे बदलतोय, वाळतच नाहीत. तू काम चोख केलंस, एवढं सांग म्हणाला."

बाटली मम्बीनं घेतली. वेंडीनं इमोजनला खांद्याला धरून हळूच बाहेर नेलं. बिचारीला एकटीला गाडी चालवू द्यायची नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

गाडीच्या डाव्या सीटवर कुणी नव्हतं.

दाराखालून पाणी ठिबकत होतं.

सीटचा पट्टा लावलेला होता. पण तो सीटला टेकलेला नव्हता. कुणाच्या छातीवरून यावा तसा पुढे फुगून, ताठ उभा होता.

"तेवढा पट्टा बघ ना जरा," इमोजन म्हणाली. "डाव्या खांद्याला लागतोय म्हणतो."

वेंडी आत वाकली. हाताच्या सवयीनं तिनं पट्टा खांद्याशी बोटभर सैल केला. पट्टा ओला होता, आणि त्याला अंगाची ऊब होती.