पिटुकलीचं नख

"नवे ड्रम आले! आता डोंगर गाठायचाच!" भोंगा एवढ्या जोरात ओरडला की गॅरेजमधली मांजर टायरमागे पळाली. भोंगा हे नाव काही उगाच पडलं नव्हतं!

मामाच्या व्हॅनमधून गल्लीतली अकरा पोरं डोंगरावर तंबूत राहायला जाणार होती. पण ब्रेक दाबला की मागून घरघर यायची आणि हँडब्रेक पार वरपर्यंत ओढावा लागायचा. म्हणून व्हॅन सकाळीच गॅरेजमध्ये आणली होती. "मागच्या ब्रेकचे दोन्ही ड्रम नवेकोरे!" मेकॅनिकने जाहीर केलं, एक चाक चढवलं, दुसरा ड्रम जमिनीवर तसाच ठेवला आणि चहाला निघाला. मामाही निघाला. चहा म्हटलं की मामा घर विसरतो!

भोंगा आणि त्याच्या दोघी बहिणी, अशी तिन्ही भावंडं ड्रमभोवती उकिडवी बसली.

"काय चकाचक आहे!" भोंगा म्हणाला.

"नवा आहे, तर रंग अजून ओला कसा?" थोरली बहीण म्हणाली. सतत प्रश्न विचारते म्हणून तिला सगळे चौकशीच म्हणत.

धाकटी पिटुकली मात्र ड्रमच्या आतून नख फिरवत होती. "ताई, कडेला नख अडतंय गं. छोटासा उंबरठा आहे इथे."

चौकशी ताडकन उठली. शेजारच्या शेडमध्ये मावशीचं लोखंड कातायचं लेथ मशीन होतं आणि कालच मावशीने सांगितलं होतं, "ब्रेक दाबला की आतले दोन शू, म्हणजे अर्धगोल पट्ट्या, पसरून फिरत्या ड्रमला घासतात, तेव्हा चाक थांबतं. घासून घासून ड्रमची आतली भिंत झिजते, कड तेवढी उंच राहते."

"म्हणजे हा जुनाच ड्रम! नुसता रंगवलाय!"

"मामाला फसवलं!" भोंगा गरजला.

"हळू! जा, मावशीला आण. पिटुकले, या चाकाचे चारही नट खिशात टाक!"

मेकॅनिक आणि मामा परतले. "नट कुठे गेले?" मेकॅनिक शोधू लागला.

"कुठले नट, काका?" चौकशीने साळसूदपणे विचारलं. पिटुकलीने खिसा घट्ट धरला.

तेवढ्यात मावशी आली. आरडाओरडा नाही, काही नाही. तिने ड्रमवरचा आकडा वाचला. "आतला व्यास जास्तीत जास्त दोनशे एक मिलिमीटर." मग मोजपट्टी आत लावली. "आणि हा भरतोय दोनशे दोन!"

"एका मिलिमीटरने काय होतंय, ताई?" मेकॅनिक मावशीला म्हणाला.

"भिंत पातळ होते. उतारावर तापून तडकते. ऐक." तिने ड्रमवर पाना मारला. चांगला ड्रम टणकन वाजतो, हा नुसता थप्प! तिने रंग खरवडला, तर खाली केसाएवढा तडा!

मेकॅनिकचा चेहरा पडला. "नवे ड्रम परवा येणार होते. मामा घाई करत होते... म्हटलं, एक फेरी निघेल."

"ती एक फेरी अकरा पोरांची होती," मावशी म्हणाली.

मामा मटकन स्टुलावर बसला. "चुकलंच माझं. पोरांनो, तुम्ही होतात म्हणून!"

"माझ्या मोजपट्टीआधी हिचं नख पोचलं!" मावशीने पिटुकलीला जवळ घेतलं. एवढंसं नख, पण काय कामाचं!

तिसऱ्या दिवशी खरे नवे ड्रम आले. मेकॅनिक स्वतः ते घेऊन पिटुकलीसमोर बसला. "मॅडम, एकदा नख फिरवता का?"

पिटुकलीने दोन्ही ड्रममधून गोल नख फिरवलं. कुठेच अडलं नाही.

मग तिने खिशातून चार नट काढले. दोन दिवस ती ते उशाशी घेऊन झोपली होती. "हं," ती म्हणाली, "आता लावा चाक!"