सायलसचा कोट

"हे तुम्हाला पटणार नाही. आणि पटलंच, तर माझ्या जन्मभराच्या थापांवर पाणी पडलं म्हणायचं," असं म्हणून जोराम म्हाताऱ्याने तपकिरीची चिमूट नाकात कोंबली.

गिरणी कालपासून बंद होती. डिझेल संपलं होतं, ते आणायला गिरणीवाला तावोंगा मास्विंगोला गेला होता, आणि म्पांडवाना गावच्या बायका मक्याच्या बादल्या पुढ्यात घेऊन गिरणीच्या पत्र्याखाली वाट बघत बसल्या होत्या.

"सेकुरू आजोबा, कालची मगर आज किती लांब झाली?" एकीने विचारलं, आणि सगळ्या फिदीफिदी हसल्या. साव्हे नदी आपण मगरीच्या पाठीवरून ओलांडली आणि मध्यावर तिने आपल्याकडे तपकीर मागितली, असं जोराम काल शपथेवर सांगत होता.

"मगर राहू दे. आज सायलसची गोष्ट."

हसणं थांबलं. कारण सायलसची बायको, तावोंगाची आई म्हणून माई तावोंगा, तिथेच भिंतीला टेकून शेंगदाणे निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"सांग," ती म्हणाली. "मलाही ऐकू दे."

सायलस चिरोम्बे सायकलवरून रॉकेल विकत या गावात आला. मग दुकान टाकलं. मग ही गिरणी, बैलांच्या घसरगाडीवरून ओढत आणलेली. दळण सुरू करण्याआधी तो पान्याने गिरणीच्या तोंडावर दोन टोले मारायचा आणि खाकरायचा, जणू आत कुणी झोपलंय. हसायचा आवाज न करता, नुसते खांदे हलायचे. पोरांसाठी खिशात गोळ्या ठेवायचा आणि स्वतः एकच कोट वर्षानुवर्षं वापरायचा. संध्याकाळी घरी गेला की माई लुगड्याच्या टोकाने त्याच्या भुवयांवरचं पीठ पुसायची. ते पुसून होईपर्यंत तो जेवायला बसायचा नाही.

जोराम त्याचा साह्विरा. म्हणजे नुसता दोस्त नव्हे. हे नातं आजोबांपासून चालत आलेलं. एक मेला की दुसऱ्याने त्याचे कपडे चढवायचे, त्याची नक्कल करायची, प्रेतासमोर त्याचीच टिंगल करून रडणाऱ्यांना हसवायचं. त्या दिवशी साह्विरा काहीही बोलला तरी रागवायचं नाही.

सायलस गेला, तेव्हा मातीच्या दिवशी सकाळी माईने जोरामला भांडारामागे बोलावून घेतलं.

"तावोंगा आलाय," ती म्हणाली. "जोहान्सबर्गहून. पण अंगणात पाय टाकत नाही. म्हणतो, बाप माझ्यावर रागावूनच गेला. माझ्या हातची माती त्याला चालायची नाही."

"मग?"

"तू त्याच्या बापाच्या आवाजात बोलणारच आहेस. सांग पोराला, बापाने माफ केलं म्हणून."

"केलं होतं?"

"मला कुठे बोलला! पण तू म्हण. नाहीतर हा पोर परत जाईल, आणि मग मी कुणाच्या तोंडाकडे बघू?" तिने कोटाची घडी पुढे केली. "मला ह्याचा बाप घरात एका नावाने हाक मारायचा. दार लावल्यावर, फक्त. ते काही तुला येणार नाही. पण एवढं तरी म्हण."

जोरामला एका थापेचं काय ओझं! त्याने कोट घेतला.

कोट माईने स्वतः धुऊन वाळवलेला होता. जोरामने खिशात हात घातला तर बोटांना पीठ लागलं. कोमट, आत्ताच दगडाखालून निघाल्यासारखं.

"ऊठ रे चिंगूस!" तो प्रेतासमोर ओरडला. "बायका रांगेत उभ्यात आणि तू झोपा काढतोयस? शवपेटी तरी रोख घेतलीस का, मुकान्या?" त्याने कुळाच्या नावाने हाक मारली. बायका रडता रडता हसल्या. मग जोराम सायलससारखा खाकरायला गेला.

खाकरणं त्याने काढायच्या आधीच घशातून बाहेर आलं.

सायलस गेल्यापासून त्याच्या कुत्र्याने अन्नाला तोंड लावलं नव्हतं. ते उठून आलं आणि जोरामच्या पायांवर मान टाकून पडलं. कुणीतरी म्हणालं, "वा, सेकुरू! अगदी हुबेहूब!"

तावोंगा कुंपणाबाहेर उभा होता. जोरामने त्याच्याकडे बोट केलं. वाक्य तयार होतं: मी तुला माफ केलं, पोरा.

तोंड उघडलं.

"त्या दिवशी गिरणीचा पट्टा मीच सैल ठेवला होता," ते तोंड म्हणालं. "तुझी चूक नव्हती. बायकांसमोर तुझ्या थोबाडीत मारली, आणि नंतर पट्टा बघितला. तू तोवर निघून गेला होतास."

आता कुणी हसत नव्हतं.

"माफी मी मागायची होती."

त्या पट्ट्याबद्दल जोरामला काडीचीही माहिती नव्हती.

तावोंगा धावत आत आला आणि त्या कोटाला मिठी मारून बापाला हाका मारत रडला. लहान पोरासारखा.

एवढं सांगून जोराम थांबला. पत्र्याखाली दोघीतिघी डोळे पुसत होत्या.

"आणि मग?"

आता जोरामच्या आज्याची शिकवण अशी होती: मातीची पहिली मूठ पडण्याआधी साह्विराने मेलेल्याचे कपडे उतरवायचेच. उतरवले नाहीत तर माती कुणावर पडली, हे मेलेल्याला कळत नाही. पण त्या दिवशी तावोंगा कोट सोडेना. तसाच त्याला कवटाळून खड्ड्यापर्यंत गेला. तशीच त्याने मूठ टाकली. जोरामनेही पोराचे हात सोडवले नाहीत. कुणाचं काळीज झालं असतं?

हे मात्र त्याने बायकांना सांगितलं नाही.

"मग काय," तो म्हणाला, "पहिली मूठ पडायच्या आत मी कोट उतरवला. रीत म्हणजे रीत. सायलस सुखाने गेला. पोर इथेच राहिला, गिरणी चालवतोय, तुम्ही बघताच."

बोलता बोलता त्याने शेजारचा पाना उचलला आणि बंद गिरणीच्या तोंडावर दोन टोले मारले. त्याचं तिकडे लक्षही नव्हतं. बायकांचंही नव्हतं.

माईचे हात शेंगदाण्यांत थांबले.

"त्यानंतर तो कधी आला नाही?" तिने विचारलं.

"कधीच नाही," जोराम म्हणाला. त्याचे खांदे आवाज न करता हलले. "खरंच सांगतो, झुवा."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. इथे झुवा कोण?

माई उठली. त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि लुगड्याचं टोक बोटाला गुंडाळून तिने हलकेच त्याची एक भुवई पुसली, मग दुसरी. टोक पांढरं झालं.

"खोटं," ती म्हणाली.