टपालमावशीचं नाक वर का गेलं?

सन १९७८. मोठ्या सुट्टीचा तिसरा आठवडा. सोमवारी सकाळी मुंगी जोरात किंचाळली, "ताई, मी बुटकी होतेय!"

"काहीतरीच!" विमानाच्या पंखाखालून कॅप्टनचा आवाज आला. "फडकं उचल आणि काम कर."

"अगं खरंच! शनिवारी उडी मारली की मावशीच्या नाकाला माझा हात लागत होता. आज लागतच नाही! बघ!" मुंगीने तीन उड्या मारल्या. बोटं आणि विमान यांच्यामध्ये हवाच हवा!

मावशी म्हणजे टपालमावशी. दोन इंजिनांचं, गोल नाकाचं हे विमान बावीस वर्षं टपालाच्या थैल्या वाहून निवृत्त झालं होतं. जुन्या धावपट्टीच्या कडेला अशी सहा विमानं उघड्यावर उभी असत. त्यांतली पाच खरी आणि सहावी लाकूड-कापडाची हुबेहूब नक्कल. त्यांना जपायला रोज सकाळी काही मोठी माणसं यायची. पगार नाही, सक्ती नाही, नुसती हौस! ज्याला जे काम येई ते त्याने करायचं. शिंप्याने पंख्यांचे अभ्रे शिवायचे, सुताराने नकलेच्या फळ्या बदलायच्या आणि संध्याकाळी कुणी काय केलं ते वहीत लिहायचं. मुलांना मात्र एकच काम होतं, फडकं मारणं. बाकी कशालाही हात लावायचा नाही!

आजोबांची तेरा वर्षांची थोरली नात सांगायची आणि बाकीचे ऐकायचे, म्हणून ती कॅप्टन. तिचा धाकटा भाऊ खिशात सदैव पक्कड बाळगायचा, म्हणून तो पक्कड. आणि त्यांची आठ वर्षांची आतेबहीण ती मुंगी. तिघंही सुट्टीसाठी आजोबांकडे आली होती. मावशी उडत होती तेव्हा तिची दुरुस्ती आजोबाच करायचे आणि ती जमिनीवर आली तेव्हा तेही तिच्यापाठोपाठ इथे आले. पण महिनाभर मोतीबिंदूच्या ऑपरेशनपायी ते घरात अडकले होते.

पक्कडने मुंगीला धावपट्टीकडेच्या अवजारांच्या खोलीत नेऊन दाराच्या चौकटीशी उभं केलं. तिथे सुट्टीच्या पहिल्या दिवशी सगळ्यांच्या उंचीच्या खुणा केल्या होत्या.

"मुंगी आहे तेवढीच आहे," तो म्हणाला.

कॅप्टनचे डोळे चमकले. "म्हणजे मावशीचं नाक वर गेलंय! पक्कड, एक बांबू आण. आणि खडू!"

बांबू नाकाखाली उभा धरून त्यांनी खूण केली. मंगळवारी दुपारी पाहिलं, तर नाक खुणेच्या दोन बोटं वर!

"रात्री कुणीतरी जॅक लावून उचलतंय. चाकं चोरायला!" पक्कडची खात्रीच पटली.

"मग चाकं नेली का नाहीत? विसरले वाटतं!" मुंगी म्हणाली.

"तू गप गं."

बुधवारी मात्र नाक जागचं हललं नाही. तिघांनी तीनदा मोजलं. मुंगीने बांबू उलटा धरून चौथ्यांदाही मोजलं आणि पक्कडची टपली खाल्ली.

"आज काय वेगळं झालं?" कॅप्टन डोकं खाजवत म्हणाली. "सोमवारी वर, मंगळवारी वर, आज नाही. आज कोण आलं नव्हतं?"

"सगळे आले होते. फक्त नळाला पाणी आलं नाही, म्हणून मावशीची आंघोळ झाली नाही. अध्यक्षकाका किती चिडले!" पक्कड म्हणाला.

अध्यक्षकाका म्हणजे या मंडळींचे प्रमुख. पांढरा सफारी, पांढरे बूट आणि तोंडात एकच शब्द, "चकाचक!" येत्या रविवारी शाळांची दोनशे मुलं विमानं बघायला येणार होती, म्हणून त्यांनी पंधरा दिवसांपासून रोज प्रत्येक विमानाला नळीने आंघोळ घालायचं फर्मान काढलं होतं.

कॅप्टन थबकली. "आंघोळ झाली की नाक वर. नाही झाली की जिथल्या तिथे!"

गुरुवारी पाणी आलं. तिघं बाजूला उभं राहून डोळे फाडून बघत होती. नळीचं पाणी धो-धो मावशीच्या पाठीवर पडत होतं. शेजारच्या विमानाच्या पोटाखालून बारीक धारा लागल्या होत्या. मावशीच्या पोटाखाली मात्र चार थेंबसुद्धा नाहीत!

मुंगीने मावशीच्या शेपटीला कान लावला. "ताई गं, हिच्या पोटात गुडगुडतंय!"

तेवढ्यात मागून गर्जना झाली. "हात लावू नका म्हणून किती वेळा सांगायचं!" अध्यक्षकाका आले होते. पण त्यांची नजर मुलांवरून मावशीच्या नाकाखाली, चाकाच्या पुढच्या पायाकडे गेली आणि तिथेच खिळली. पायातला चकचकीत दांडा वीतभर बाहेर आला होता. "अरे बापरे! पाय निखळतोय! रविवारी एखाद्या पोरावर कोसळलं तर?"

"काका, पाय नाही निखळत, आम्ही रोज मोजतोय—"

"मोजा, मोजा. परवा भंगारवाल्याला बोलावतो. शनिवारी दहाला कापून न्या म्हणावं. जागाही मोकळी होईल."

तिघं सायकलींवरून घरी सुटली ती थेट आजोबांच्या खोलीत! आजोबा एका डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून पडले होते. 'कापून' हा शब्द ऐकताच ते उठून बसले. मग म्हणाले, "बावीस वर्षांत तिने एकदाही मला खोटं पाडलं नाही रे. एक पट्टी आणा. आणि पेन्सिल."

पेन्सिल आडवी ठेवून त्यांनी तिच्यावर पट्टी तोलली. मग मागच्या टोकावर बोटाने पाण्याचा एक थेंब सोडला. दुसरा सोडला. पट्टीचं पुढचं टोक हळूच वर गेलं.

"शेपटी जड झाली!" पक्कड ओरडला. "शेपटीत पाणी साठलंय!"

"शाबास! उघड्यावरच्या विमानात पाणी शिरतंच. ते जायला पोटाला चौदा भोकं असतात, मुगाच्या दाण्याएवढी. दर महिन्याला मी त्यांत तार फिरवतो. बघा बरं, ती बुजलीत का. आणि ही चिठ्ठी अध्यक्षांना द्या."

शुक्रवारी अध्यक्षकाकांनी चिठ्ठी अर्धी वाचली आणि घडी करून खिशात टाकली. "भोकं? माझ्या विमानाला? एक सापडलं तर दाखवा मला! तुमच्या आजोबांना म्हणावं, डोळ्यांना आराम द्या."

ते वळताच तिघं मावशीच्या पोटाखाली उताणी झोपली. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. पोट अगदी गुळगुळीत! चौदा सोडा, एकही भोक नाही!

"आजोबा विसरले असतील का गं?" पक्कड हळूच म्हणाला.

"आजोबा? आणि मावशीबद्दल?" कॅप्टनने त्याच्याकडे असं काही बघितलं की तो पुन्हा भोकं शोधू लागला.

मुंगी मात्र एका जागी पुन्हा पुन्हा बोट फिरवत होती. मग तिने तेच बोट तोंडात घालून मागची दाढ चाचपली.

"शी! घाणेरडी!" पक्कड म्हणाला.

"तू पण हात लावून बघ ना! इथे कडेला अगदी बारीक रेघ लागते. माझी दाढ भरलीय ना, तिथे लागते तश्शीच!"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मुंगीची दाढ गेल्या सुट्टीत भरली होती ती इथल्या दातांच्या डॉक्टरकाकांनी. आता डॉक्टरकाका निवृत्त झाले होते आणि दर मंगळवारी इथे कामाला येत! पण त्यांच्या घरी धावत गेल्यावर दिसलं भलंमोठं कुलूप. शेजारणीने सांगितलं, "लेकीकडे गेलेत. उद्या सकाळच्या गाडीने येतील."

"उद्या सकाळी तर कापणार!" मुंगीचा आवाज रडवेला झाला.

"रडायचं नाही," कॅप्टन म्हणाली. "भोकांत भरलेली ही पुटी आम्ही काढली तर काका म्हणणार, पोरांनी विमान मोडलं. ती काढायला हवी त्यांनीच. स्वतःच्या हाताने!"

"ते कशाला काढतील?"

कॅप्टन हसली. "त्यांना चकाचक करायला लावू."

शनिवारी पावणेदहालाच भंगारवाल्याचा ट्रक येऊन उभा राहिला. गॅसच्या टाक्या उतरल्या, नळ्या जोडल्या. भंगारवाला दणकट, मिश्यांचा माणूस होता. तो मावशीभोवती फेरी मारून म्हणाला, "झकास आहे हो विमान! पंखापासून सुरू करू का?"

कॅप्टन पुढे झाली.

"काका, मावशीच्या पोटावर तो डाग कसला हो?"

"डाग?" अध्यक्षकाका गर्रकन वळले. "कुठे डाग?"

"मधोमध. जाऊ दे म्हणा, आता कापायचंच आहे. पण ट्रकमधून गावभर जाईल तेव्हा लोकांना दिसेल ना, म्हणून म्हटलं."

"लोक म्हणतील, यांचं विमान मळकं होतं!" पक्कडने तेल ओतलं.

"मळकं? माझं?" अध्यक्षकाका सफारीसकट वाकून पोटाखाली शिरले. मुंगीने शुक्रवारीच त्या बारीक रेघेवर खडूने इवलासा गोल काढून ठेवला होता.

"हा बघा! खडू गेला, तरी बोटाला काहीतरी लागतंय!" काका घासत म्हणाले.

"रंगाच्या खाली आहे तो," पक्कड गंभीरपणे म्हणाला. "खरवडावा लागेल. हा घ्या स्क्रू-ड्रायव्हर. आम्हाला हात लावायची परवानगी नाही ना!"

अध्यक्षकाकांनी खरवडलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा जोर लावला आणि—

फट्ट!

पुटीचा बोळा उडाला आणि तांबूस, कुजक्या पानांचं पाणी पिचकारीसारखं थेट त्यांच्या छातीवर! काका "अरे! अरे!" करत मागे सरले, तर धार सरळ डोक्यावर!

"बंद करा! कुठाय नळ?"

"नळ नाही काका, भोक आहे!" मुंगी टाळ्या पिटत नाचू लागली. "सापडलं! दाखवा म्हणाला होतात ना!"

तेवढ्यात हातात प्रवासाची बॅग घेतलेले डॉक्टरकाका लगबगीने आले आणि ते दृश्य बघून कळवळले, "अहो! माझं भरण कुणी काढलं?"

"तुमचं?" चिंब अध्यक्षकाका ओरडले.

"हो! किती सुरेख काम झालं होतं! बघितलं तर पोटाला चौदा भोकं. कीडच लागलेली! एकेक कोरून साफ केलं, भरलं, घासलं, वर रंगाचा हात दिला. वहीत मुद्दामच नाही लिहिलं. म्हटलं, रविवारी सगळ्यांना चकित करू."

"चकित झालो हो," अध्यक्षकाका डोळे पुसत म्हणाले. "पुरेपूर झालो."

कॅप्टनने भराभर सगळं सांगितलं. बांबूवरच्या खुणा दाखवल्या, आंघोळीचे दिवस सांगितले. डॉक्टरकाकांचा चेहरा पडला. पण दुसऱ्याच क्षणी त्यांनी बॅग फेकली, बाह्या सरसावल्या आणि मावशीखाली उताणे झाले. "द्या तो स्क्रू-ड्रायव्हर! मीच भरली, मीच काढणार. मावशी, आता आ करा बघू!"

फट्ट! फट्ट! एकामागून एक चौदा धारा सुटल्या. वाळलेल्या गवतावर ओढाच वाहू लागला!

फाटकापाशी रिक्षा थांबली. आजीच्या हाताला धरून, काळा चष्मा लावून आजोबा उतरले. आजी बडबडत होती, "डॉक्टर म्हणाले हलायचं नाही, पण ऐकेल तो माणूस कसला!"

आजोबांना नीट दिसत नव्हतं. चाचपडत ते मावशीच्या पुढच्या पायाशी आले आणि त्या चकचकीत दांड्यावर त्यांनी तळवा ठेवला.

"नाक खाली येतंय का रे?"

"येतंय आजोबा! बोटभर!" पक्कडने बांबू धरला होता.

"दोन बोटं!" भंगारवालाच मध्ये ओरडला. तोही वाकून बघत होता, गॅसची नळी खाली टाकून! "तीन! चार! आली, आली!"

पाय चुईं चुईं करत आत बसत गेला. आजोबांच्या तळव्याखाली दांडा हळूहळू नाहीसा झाला आणि मावशीचं गोल नाक जिथे असायचं तिथे येऊन थांबलं. आजोबा नुसते पायाला थोपटत राहिले. मग त्यांनी हाक मारली, "कुठे आहेत माझे तीन मिस्त्री?"

मिस्त्री! आजवर त्यांनी कुणालाच असं म्हटलं नव्हतं!

अध्यक्षकाकांच्या बुटांतून पाणी वाजत होतं. त्यांनी खिशातून आजोबांची ओली चिठ्ठी काढली आणि या वेळी सगळ्यांदेखत शेवटपर्यंत वाचली. "चुकलं माझं," ते म्हणाले. "मुलांनी मला सांगायचा दोनदा प्रयत्न केला आणि मी नुसता चकचकाट बघत बसलो. आजपासून या तिघांना फक्त फडकं नाही. हात लावायची पूर्ण परवानगी!"

"आणि उद्या?" मुंगीने विचारलं.

"उद्या दोनशे मुलांना मावशी तुम्हीच दाखवायची!"

या गोष्टीला आता कितीतरी वर्षं झाली. आजोबांचा डोळा छान बरा झाला आणि पुढे अकरा वर्षं ते मावशीकडे जात राहिले. अध्यक्षकाकांनी पांढरे कपडे सोडून खाकी घातले. डॉक्टरकाका आयुष्यभर कुठलंही काम करण्याआधी "हे असंच असायला हवं का?" असं विचारत आणि नंतर ते वहीत दोनदा लिहीत. कॅप्टन धरणांची इंजिनियर झाली. पक्कडच्या हातून मात्र पक्कड सुटली. तो तबला वाजवू लागला आणि त्याने चांगलं नाव कमावलं. मुंगी शाळेत विज्ञान शिकवायची. मुलांनी कितीही वेडगळ गोष्ट सांगितली तरी ती आधी मोजून बघायची, मग हसायची.

आणि भंगारवाला? त्या दिवशी तो रिकामा ट्रक घेऊन गेला, पण पुढच्या रविवारी पुन्हा आला. "काही काम असलं तर सांगा," म्हणाला. तीस वर्षं येत राहिला. इतर गावांत मोडीत निघालेल्या विमानांतून तो मावशीसाठी काचा, चाकं, खुर्च्या शोधून आणायचा. मावशीच्या दाराशी एक लोखंडी शिडी आहे. तीही त्यानेच कापून, जोडून केली. सुट्टीत मुलं अजूनही तिच्यावरूनच मावशीत चढतात.