ग्रहणापूर्वीची फाईल

"नववर्षाच्या हार्दिक शुभेच्छा!" झांजू यंत्रमानव म्हणाला आणि शर्वाणीला हसूच फुटलं. चंद्रावरच्या गुहेतल्या वस्तीतून कालच तर गणपती गेले होते. मग आज नववर्ष कुठून उगवलं?

तिचे आप्पा मात्र हसले नाहीत. आप्पा म्हणजे तिचे आजोबा, वस्तीचे शास्त्रज्ञ आणि वस्तीचे कीर्तनकारही. "मगाशी वीज लुकलुकली, तेव्हापासून सर्व्हर तारीख चुकतोय," ते पुटपुटले. "झांजूला तारीख तोच सांगतो."

सर्व्हर (इतर यंत्रांना कामं वाटून देणारा मोठा संगणक) भिंतीच्या कोनाड्यात घुमत होता. आप्पांनी त्याचं झाकण काढलं. आत नाण्यासारखा एक चपटा सेल होता.

"हा संपत आलाय, शरू. घड्याळ आधी गेलं. पुरती वीज गेली की बाकीचंही सर्व्हर विसरणार."

"मग नवा बसवू या की!"

"बसवू. पण सेल काढायला सर्व्हर बंद करावा लागतो, आणि विसरलेलं नव्या सेलला काय ठाऊक?"

शर्वाणीनं खिडकीतून बाहेर पाहिलं. आज ग्रहण होतं. पृथ्वी सूर्याच्या आड येणार, सौरपट्ट्यांवर सावली पडणार. वस्ती साठवणीच्या विजेवर न्यायची, तर सर्व्हर एकदा बंद करावाच लागतो. आणि आई पलीकडच्या टेकडीमागे, मळाघरात शेंगा तोडायला गेलेली. तिथली हवा हाच सर्व्हर सोडत होता.

"आईला परत बोलवा ना, आप्पा!"

"सावली पडायच्या आत पोचणार नाही ती. वाटेत अंधारात सापडण्यापेक्षा आत बरी. तिच्या नळकांड्यात थोडी हवा आहे." 'थोडी' हा शब्द ते हळूच म्हणाले.

"पण सर्व्हर नेमकं काय विसरेल?"

आप्पांनी तिला जवळ बसवलं. "कीर्तनाला उभं राहण्याआधी मी काय करतो?"

"तंबोरा जुळवता."

"अभंग पाठ असतो, पण तारा उतरल्या तर गाणार कसा? सर्व्हरचे कार्यक्रम म्हणजे अभंग. ते डिस्कमध्ये शाबूत राहतील. पण त्याला आधी जागं करतं ते फर्मवेअर (यंत्राच्या चिपमध्येच बसवलेली मूळ आज्ञावली). कुठल्या डिस्ककडे बघायचं, पंखे किती फिरवायचे, हे सगळं मी तिथं खुंट्या पिळून जुळवलंय. ती मांडणी गेली, तर हा जागा होईल आणि रिकाम्या डिस्ककडे बघत बसेल."

"तुम्हाला आठवत नाही का?"

"वर्षं झाली गं. म्हातारं डोकं हे!"

बाहेर सौरपट्ट्यांवरचा उजेड मंदावू लागला. वस्तीतली माणसं मधल्या चौकात जमू लागली. ग्रहणात नामस्मरण करायचं, ही त्यांची पृथ्वीवरून आणलेली रीत. टाळांचा आवाज येऊ लागला.

"कमांड लाइन उघड," आप्पा म्हणाले. "मी नवा सेल काढतो. तू लिही."

कमांड लाइन (हुकूम लिहून देण्याची जागा) म्हणजे नुसता काळा पडदा आणि लुकलुकणारी रेघ. ना चित्र, ना बटण. शर्वाणीनं लिहिलं: जतन-कर मूळ-मांडणी ग्रहण.फाईल

रेघ थांबली. मग उमटलं: फाईल तयार.

"झालं!" ती ओरडली.

"कुठे ठेवलीस?" झांजूनं विचारलं.

"कुठे म्हणजे? याच सर्व्हरच्या डिस्कवर."

आप्पांचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं बाई! ती फाईल वाचायला हा जागा हवा आणि याला जागं करायला ती फाईल हवी!"

पट्ट्यांवरचा उजेड निम्म्याहून खाली आला होता. दिवे मंदावले.

"झांजू, हात दे!" तिनं त्याच्या तळव्यातली तार सर्व्हरला जोडली. लिहिताना एक अक्षर चुकलं. पडद्यानं हुकूम नाकारला. तिनं ओठ चावला आणि पुन्हा लिहिलं: नक्कल-कर ग्रहण.फाईल झांजू

"फाईलचा घास पोचला," झांजू म्हणाला, आणि काळोख झाला.

सर्व्हरची घुमण थांबली. चौकातलं नाम तेवढं चालू होतं. झांजूच्या डोळ्यांच्या उजेडात आप्पांनी चाचपडत सेल बदलला. साठवणीची वीज आली. पंखे राक्षसासारखे गरजले आणि पडद्यावर उमटलं: डिस्क रिकामी आहे.

"पांडुरंगा," आप्पा म्हणाले.

शर्वाणीला रडू येत होतं, पण तिची बोटं चालत होती: परत-भर मूळ-मांडणी झांजू/ग्रहण.फाईल

सर्व्हर एकदा निजला. पुन्हा उठला. पंख्यांची गर्जना उतरत उतरत नेहमीच्या घुमण्यावर आली.

"तारीख अजून चुकीचीच आहे," ती म्हणाली.

"चालता काळ फाईलमध्ये कसा मावेल? तो हातानं लाव."

तिनं तारीख लावली आणि रेडिओ कानाशी धरला. नुसती खरखर.

"आई?"

खरखर.

"आई गं!"

"ओरडतेस काय! हवा आली, आली," आईचा आवाज धापा टाकत होता. "नळकांडं संपत आलं होतं गं. नक्की केलंत तरी काय तुम्ही?"

शर्वाणी आप्पांच्या कुशीत शिरून हमसाहमशी रडली. आप्पांनी तिला रडू दिलं.

मग तिनं डोळे पुसले. "आप्पा, पाण्याच्या यंत्राची मांडणी कुठे जतन केलीय?"

"कुठेच नाही," आप्पा ओशाळून म्हणाले.

"चला मग. एक नक्कल झांजूकडे, दुसरी पलीकडच्या गुहेत. आणि आई आली की तिलाही शिकवायचं."

खिडकीबाहेर काळ्या पृथ्वीभोवती तांबूस कडं पेटलं होतं. त्या उजेडात तिघं पाण्याच्या यंत्राकडे निघाली.