विजूमामाचे हुकमी चिंकारे

"आज पुढच्या सीटवर मी," युवराजनं सकाळीच जाहीर केलं. काल टेकडीच्या वळणावर जीपमधून वाकून उलटी कुणी केली, याची उत्कर्षानं त्याला प्रेमानं आठवण करून दिली आणि पुढची सीट स्वतः पटकावली.

दिवाळीच्या सुट्टीत ही बहीणभावंडं भवानीनगरहून कळसला विजूमामाकडे आली होती. मामा पुण्याच्या पाहुण्यांना उघड्या जीपमधून टेकड्या आणि वनखात्याचा गवताळ माळ फिरवायचा. एका वळणावर तो शीळ घालायचा, की चिंकारे हजर. मामाला प्राण्यांची भाषा येते, असं पाहुण्यांना वाटायचं. अलीकडे मामालाही तसंच वाटू लागलं होतं.

त्या दिवशी उसाचा ट्रॅक्टर त्याच वळणावरून भरधाव गेला. रस्त्याकडेचं पाडस जेमतेम वाचलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या; उत्कर्षा मात्र पाडसाच्या आईकडे पाहत होती. ती अगदी शेवटपर्यंत मान खाली घालून जमीन चाटत होती. तिथं तर गवताची काडीही नव्हती. मग ती चाटत काय होती?

दुपारी दोघं सायकलनं तिथं गेली. उत्कर्षानं माती बोटावर घेऊन जिभेला लावली. खारट! घरी येऊन पाहतात, तर जीपच्या मागच्या सीटखाली खडेमिठाचं पोतंच निघालं.

मामाला सांगू या, असं युवराजचं मत पडलं. उत्कर्षाला ते मिळमिळीत वाटलं. मामा हसण्यावारी नेईल, हे तिनं परस्पर ठरवून टाकलं. दोघांनी वळणावरची खारट माती उकरून दूर पुरली आणि पोत्यातलं मीठ काढून माळावरच्या पांढऱ्या गारगोट्या भरल्या. संध्याकाळी अंधारात मामानं चालत्या जीपमधून वळणावर डब्यानं त्याच ओतल्या. चिंकारे एकदोन दिवस आले, जमीन हुंगून निघून गेले, मग यायचे थांबले.

मामानं शीळ घातली. पुन्हा घातली. माळ रिकामा.

"चिंकारे रजेवर का?" एका पाहुण्यानं विचारलं.

मामा घाईनं उतरला. खाली पडलेला खडा उचलून त्यानं तोंडात टाकला, आणि कटकन आवाज आला.

"मामा, मीठ अळणी लागतंय का?" उत्कर्षानं सगळ्यांदेखत विचारलं आणि त्यांना सारा प्रकार सांगून टाकला. पाहुणे पोट धरधरून हसले. मामाही हसायला गेला, पण त्याला ते जमलं नाही.

घरी सगळं कळल्यावर आजोबांनी, सावळाराम आबांनी, शेजाऱ्यांना हाका मारून बोलावलं. "आमा म्हाताऱ्यांना जे दिसलं न्हाय, ते ह्या पोरीला दिसलं. मुकी जितराबं वाचवली तिनं!" जो तो तिची पाठ थोपटू लागला. त्या गर्दीत तिला मामा मात्र दिसेना.

तो मागच्या अंगणात जीप धूत होता.

"बरं केलंस. पाडसाचं माझ्या ध्यानातच आलं न्हाय," तो मान वर न करता म्हणाला. मग फडकं पिळत म्हणाला, "पर आदी मला एकट्याला सांगितलं असतंस, तर ऐकलं नसतं व्हय मी?"

ऐकलं असतं की नसतं, हे आता उत्कर्षाला कधीच कळणार नव्हतं. कोरडं फडकं घेऊन ती दुसऱ्या बाजूनं जीप पुसू लागली. मामानं नको म्हटलं नाही. पाण्याची बादली मात्र त्यानं आपल्याच बाजूला ठेवली.