उजव्या गालावरचा तीळ

"भिंतीवरचा आरसा काढायच्या आधी मला विचारलंत? आणि या वयात आरशासमोर बसून करता तरी काय?" भावजय दारातूनच कडाडली.

ताईनं कुंचला पाठीमागे लपवला. "लगेच परत लावते."

"लावाच! भावाच्या जिवावर बसून खायचं, वर ही नटायची हौस!"

शब्द काळजात रुतले... पण ताई बोलणार तरी काय? धाकटा भाऊ व्यक्तिचित्रं काढून नावारूपाला आला होता, आणि सहा वर्षांपूर्वीच्या आजारपणापासून त्याचा उजवा हात असा कापू लागला की साधी रेघ सरळ येईना! "कुणाला कळू देऊ नकोस गं, हिलासुद्धा नाही!" म्हणत तो लहान मुलासारखा रडला होता. वडिलांनी दोघांनाही चित्रकला शिकवलेली. तेव्हापासून बंद दाराआड, गिऱ्हाइकांच्या फोटोंवरून, चित्रं ताई काढायची, खाली सहीही भावाचीच करायची... आणि भावजयीला वाटायचं, ही आत नुसते कुंचले धुते.

आयुष्यात पहिल्यांदाच तिनं स्वतःचा चेहरा काढला होता. ओघळलेल्या पापण्या, घट्ट मिटलेले ओठ, काहीही न झाकता!

भावानं चित्र पाहिलं. मग नजर चुकवत म्हणाला, "प्रदर्शनाला एक चित्र कमी पडतंय. हे देऊ. सही कर माझी."

"एवढं एक तरी माझं राहू दे रे!"

"तुला कोण ओळखतं, ताई?"

आणि त्या अभागिनीनं आपल्याच चेहऱ्याखाली, जराही न कापणाऱ्या हातानं, भावाचं नाव लिहिलं!

दुसऱ्या दिवशी चित्रं कागदात गुंडाळताना भावजयीच्या हाती नेमकं तेच आलं. ती भडकली. "बायकोला समोर बसवायला कधी वेळ झाला नाही, आणि बहिणीचं मात्र..." बोलता बोलता ती अडखळली. "तीळ चुकलाय. यांचा तीळ उजव्या गालावर आहे. तुम्ही डाव्या गालावर काढलात."

"घाईत झालं असेल," भाऊ पुटपुटला.

"समोर बसलेल्या माणसाचा गाल चुकतो?" तिनं ताईकडे पाहिलं, पुन्हा चित्राकडे पाहिलं. आवाज एकदम खाली आला. "आरशात बघून काढलं तर मात्र असंच येणार... वन्सं, हे तुम्ही काढलंत? आणि बाकीची?"

भावाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"सहा वर्षं मी यांना घालूनपाडून बोलले, आणि तुम्ही शेजारी बसून ऐकत राहिलात!" ती नवऱ्यावर तुटून पडली, मग ताईकडे वळली. "आणि तुमचं तोंड कुणी शिवलं होतं? मला या पापात का ढकललंत?"

"त्यानं शपथ घातली होती गं..."

"आग लागो त्या शपथेला!"

भाऊ उठला. चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवून, कापऱ्या हातानं आपलं नाव पुसू लागला. रंग फासला गेला, हात घसरला, तरी कुणी मदतीला गेलं नाही. "बाकीच्या चित्रांचंही सांगतो सगळ्यांना," तो म्हणाला, "ताई, मला... मला..."

भावजयीनं ताईच्या हातात कुंचला कोंबला. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, स्वर मात्र तसाच तिखट. "लिहा. वन्सं, लिहा म्हणते ना!"

ताईनं कुंचला टेकवला... आणि हात सवयीनं भावाच्याच नावाचं पहिलं अक्षर काढायला वळला! ती थबकली. मग, नुकत्याच लिहायला शिकणाऱ्या मुलीसारखी, एकेक अक्षर जुळवत, ती स्वतःचं नाव लिहू लागली.