सात नंबरच्या खाटेचा निरोप

“ते उघडं दार आधी बंद कर. बाकी सगळं नंतर.”

माझा थोरला भाऊ सात नंबरच्या खाटेवरून हे बोलला. मी ‘हो’ म्हटलं.

त्याच दुपारी दादा गेला.

पुढचं जसं घडलं तसंच लिहिते. रोज जपाला बसणारी बाई आहे मी, खोटं लिहून कुठे फेडू?

दादा आजारी पडून जिथे दाखल होता, त्याच हॉस्पिटलात आम्ही दोघं सर्व्हर सांभाळायचो. खाटेजवळच्या मशीनचा निरोप ब्रोकर सर्व्हरमधून, म्हणजे निरोप पोचवणाऱ्या मधल्या कॉम्प्युटरमधून, नर्सच्या स्क्रीनवर जातो. त्या सर्व्हरला निरोप आत यायची दोन दारं. एक कुलपाचं. तिथे मशीनने आपलं सर्टिफिकेट, म्हणजे डिजिटल ओळखपत्र, दाखवलं तरच आत प्रवेश. दुसरं उघडं, तिथे ओळख कोणी विचारत नसे. पाहुण्यांना कौतुक दाखवायला खाटांच्या नावाने खोटे निरोप पाठवणारा प्रोग्राम तिथून चालायचा.

तोच प्रोग्राम त्या दुपारी सात नंबरच्या नावाने ‘ठीक आहे’ पाठवत राहिला.

दादाचा श्वास अडकला होता. त्या खोट्या निरोपांखाली खरा निरोप झाकला गेला, स्क्रीन हिरवीच होती.

तेराव्यानंतर मी ते दार बंद करायचं म्हणून हॉस्पिटलच्या साहेबांकडे गेले.

“ताई, उद्या परत पाहुणे आहेत,” ते म्हणाले. “दार राहू दे. तुम्ही आपला जप करा.”

माझा आवाज कधी चढत नाही. तेव्हाही नाही चढला. पण राग आला होता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी पाहुणे नर्सच्या स्क्रीनसमोर उभे. सगळं हिरवं.

आणि माझ्या स्क्रीनवर एक ओळ आली…

कुलपाच्या दारातून.

‘खाट सात. श्वास अडकला.’

सर्टिफिकेट दादाच्या मशीनचं. ते तो गेल्यावर मी स्वतः रद्द केलं होतं, त्यावर आत येणं शक्यच नव्हतं.

मी धावले. सात नंबरवरच्या आजींची नळी निसटली होती. ओठ निळे. नर्सने नळी बसवली, आजी वाचल्या.

मग मी कोठीत गेले. दादाचं मशीन चौकशीसाठी तिथे ठेवलं होतं. वायर गुंडाळलेली. बंद.

फक्त काचेवर… आतून वाफ धरली होती.

“योगायोग हो,” मी सांगितलेलं ऐकून साहेब म्हणाले. “पाहुणे खूश आहेत. दाराचं पुढच्या महिन्यात बघू.”

कोठीत काय होतं ते मला आजही कळलेलं नाही.

मी माळ डोळ्यांना लावली, पर्समध्ये ठेवली.

आणि ते उघडं दार बंद करायला सर्व्हरच्या खोलीकडे चालू लागले.